शेवाळाचा दगड

लॉईड आमच्या वसईचा. मस्कतजवळ अल अमेरातच्या पलीकडे डोंगर फोडून रस्ता नेत होते, तिथे सुरुंगाचं काम त्याच्याकडे होतं. त्या सकाळी हारून नावाचा ओमानी भूगर्भतज्ज्ञ त्याला कड्यापाशी घेऊन गेला. दगडात चिरलेल्या कोबीसारखी वळणं होती.

"हे दगड झालेलं शेवाळ आहे, लॉईडभाई. साठ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. मासे नव्हते, झाडं नव्हती. बघायला कुठेच डोळा नव्हता. आपण घेतो ती हवा यांच्यासारख्यांनीच घडवली. संध्याकाळपर्यंत थांब. एवढा तुकडा कापून घेतो."

"थांबतो," लॉईड म्हणाला.

हारून करवत आणायला दूर उभ्या गाडीकडे गेला. तेवढ्यात अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, फोन आला. "यल्ला, लॉईड! आत्ताच उडव, खलास कर!"

बार भरलेलेच होते. भोंगा वाजला. हारून लांब आहे एवढं पाहून लॉईडने बटण दाबलं.

डोंगर खाली बसला, धुरळा उसळला, आणि हारून ओरडत त्या धुरळ्यात शिरला.

"हारून! मागे ये!"

धुरळ्याला सुरुंगाच्या दारूचा वास नव्हता… ओहोटीच्या चिखलाचा होता. आत कुठेतरी पाणी संथपणे खडकाला चाटत होतं. लॉईड तोंडाला रुमाल बांधून धावला, पण छातीत हवाच जाईना…

धुरळा विरला तेव्हा हारून उताणा पडलेला दिसला. अंगावर ओरखडाही नव्हता. तोंडातून पाणी ओघळत होतं.

"बुडाला," डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःचाच विश्वास न बसून पुन्हा तपासू लागले.

लॉईडला झोप येईना. शेवटी आठवड्याभराने एका दुपारी तो हारूनच्या घरी गेला. त्याच्या बायकोने, जोहराने, कॉफी पुढे ठेवली.

"गाडीतून फोन आला होता त्याचा," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "खूश होता. म्हणाला, लॉईड थांबतोय."

लॉईडने पेला खाली ठेवला. "मी… थांबलो नाही, भाभी."

जोहरा रडली नाही. मग उठून त्याला अंगणात घेऊन गेली. ऊन भाजत होतं. दोरीवर हारूनचा शर्ट होता.

"मी धुतलेला नाही," ती हळूच म्हणाली. "इस्पितळातून आणला तसाच टांगलाय… तुम्ही न्या."

शर्टाच्या बाहीतून अजून पाणी ठिबकत होतं.