भिंतीतली धडधड

“आवाज कसा येतो?” मयुरीने विचारलं.

काउंटरपलीकडचा तरुण गोंधळला. “कसा म्हणजे… मोठा.”

“मोठा कळला हो. करून दाखवा.”

दिवाळी नुकतीच झाली होती. धुळ्यात, पाचकंदीलजवळच्या तिच्या वडिलांच्या – रतिलालभाऊंच्या – नळसामानाच्या दुकानात दुपारची सामसूम होती. त्या तरुणाने घसा खाकरला, मूठ वळली आणि काउंटरवर आपटली – धाड! धडधडधड… बरणीतले वॉशर उडाले. मयुरीला हसू आवरेना.

“नळ उघडताना होतो, की बंद करताना?”

“बंद करताना. आई पूजेला बसलेली असते, मी नळ बंद करतो, आणि तिच्या हातातली घंटा खाली पडते.”

चंदन त्याचं नाव. बँकेत नोकरी, देवपुरात नवं घर, घरात तो आणि आई. वॉशर बदलून झाले होते, आवाज तसाच होता.

“वॉशरचा दोष नाहीच,” मयुरी म्हणाली. “जोरात येणारं पाणी एकदम अडवलं की पाइपाला धक्का बसतो. पाइप सैल असला, तर तो भिंतीवर आपटतो. तो पक्का बसवेपर्यंत नळ जरा हळू बंद करा.”

“हळू… मला काहीच जमत नाही,” तो तिच्याकडे बघत म्हणाला.

मग तो येतच राहिला. कधी पाइपाचा एल्बो न्यायला, कधी नळाला गुंडाळायची टेप. “एवढी टेप गुंडाळता कशाला?” तिने एकदा विचारलं. “आता माझ्याभोवतीच गुंडाळायची राहिली आहे,” तो म्हणाला.

शेवटी एका रविवारी ती नानांबरोबर – वडिलांबरोबर – त्याच्या घरी गेली. त्याची आई, लताबाई, माहेरी पिंपळनेरला गेली होती. नानांचा गुडघा दुखत होता, ते खाली पलंगावरच बसले. मयुरी गच्चीवर गेली, पंपाचा जोर कमी केला. मग बाथरूममागच्या भिंतीशी स्टुलावर चढली. पाइपाचे क्लॅम्प निखळून लोंबत होते. तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पाइपाखाली घातले आणि क्लॅम्प आवळले.

“स्टूल हलतंय,” ती म्हणाली.

“स्टूल नाही… मीच हलतोय.”

तिने नळ उघडून झटकन बंद केला. भिंत गप्प.

“आता दुकानात यायला कारण काय सांगू?” चंदनने विचारलं.

मयुरीने तोंड भिंतीकडे वळवलं. घट्ट बसलेला स्क्रू उगाच आणखी पिळत म्हणाली, “कारण नसलं तरी… या.”

तो हिवाळा दोघांनी नकाणे तलावाच्या वाऱ्यात काढला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

“तुझ्या हाताला लोखंडाचा वास येतो,” तो म्हणायचा.

“आवडत नाही?”

“हात सोडवत नाही.”

थंडी सरता सरता त्याने घरी सांगितलं. बोलणी करायला नाना आणि मयुरी देवपुरात गेले. लताबाईंनी हौसेने नळ उघडून बंद करून दाखवला.

“बठ्ठा आवाज बंद शे, सगळा बंद, बघा! रतिलालभाऊ, तुमच्या हाताला यश आहे. एवढा गुडघा दुखत असताना तुम्ही स्वतः वर चढलात, चंदनने सांगितलं मला.”

मयुरीने चमकून वडिलांकडे पाहिलं. नाना बशीत चहा ओतत म्हणाले, “घरचंच काम होतं, ताई.”

“फक्त पोरीला आता दुकानात बसवू नका. सून पान्हा घेऊन फिरते म्हटलं, तर लोक हसतील.”

“काकू,” मयुरी म्हणाली, “ते काम मी केलंय.”

लताबाई मुलाकडे वळल्या. “काय रे, चंदन?”

मयुरी थांबली. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं त्याला… नुसती मान हलवायची होती.

“मस्करी करते ती, आई.”

लताबाई हसल्या. चंदन हसला. आणि नानाही हसले.

फाटकाशी तो मागोमाग आला. “नंतर सांगणारच होतो गं… एकदा लग्न होऊ दे, मग आईला हळूहळू –”

“लाज वाटली माझी?”

“लाज नाही… पण एवढ्याशा गोष्टीवरून –”

“एवढीशीच होती, तर ‘हो’ म्हणायचं होतंस.”

त्याने हात पुढे केला. तिने ओढणी सावरली आणि नानांच्या स्कूटरवर मागे बसली.

“होकार कळवू ना?” पुलावर आल्यावर नानांनी विचारलं.

“नाही.”

“वेडी आहेस का? असं घर पुन्हा चालून येईल?”

“त्याचं सोडा, नाना. तुम्ही तरी बोलायचं होतं.”

नानांनी स्कूटरचा वेग वाढवला.

चंदनचे फोन आखाजीपर्यंत, पार अक्षय्य तृतीयेपर्यंत, येत राहिले. ती उचलत नव्हती; पण काउंटरवर फोन समोरच ठेवायची, नाव दिसेल असा. मग शिरपूरच्या एका मुलीशी त्याचं ठरल्याची बातमी आली, आणि फोन थांबले.

त्या दुपारी मयुरीने शटर अर्धं ओढलं आणि आत बसून पोटभर रडली. तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच तर माफी मागायच्या निमित्ताने त्याला स्वतःहून फोन करायचीही सोय उरली नव्हती.