आधी तिला विचार

"काय मेला मधेमधे बोलतो! पुस्तक पुरतें वाचला तरी आहे का हा?"

हेमावती हे कुमुदिनीच्या कानाशी पुटपुटली. कुमुदिनी तमिळ, तिला यातलं अक्षर कळणार नव्हतं. अड्यारच्या वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी पुस्तकांवर बोलायला जमणाऱ्या त्या वीसेक विद्यार्थ्यांत मराठी कळणारं कुणीच नव्हतं. म्हणून तर राग आला की तो घरच्या भाषेत काढायची तिला सवय होती.

पुढच्या बाकावरचा उंच, सावळा मुलगा सावकाश मागे वळला.

"मेला अजून मेलेला नाही," तो म्हणाला — स्वच्छ मराठीत. "आणि पुस्तक दोनदा वाचलंय त्यानं."

हेमावतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मे महिना होता, सन चौऱ्याऐंशी. मद्रासला अंगाची लाही होत होती आणि समुद्राचा वारा अजून यायचा होता... तरी हा ताप काही उन्हाचा नव्हता.

मंडळात चर्चा चालली होती शंभर वर्षांपूर्वीच्या एका परदेशी कादंबरीची. गिरणीवाल्याची मुलगी एका नावाड्यावर जीव टाकते, पण तसं कधी बोलत नाही. दुसऱ्याशी लग्न होतं, आणि शेवटी एका हिवाळ्यात ती पातळ बर्फावरून तळ्यात चालत जाते. मंडळातल्या सगळ्या मुली त्या पुस्तकावर रडल्या होत्या. आणि हा नवा मुलगा इंग्रजीत म्हणत होता, की बाई प्रेमानं नाही, मुखदुर्बळपणानं मेली!

सुटल्यावर तो बसथांब्यावर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. नाव राणोजी. कोल्हापूरचा. वडिलांचं चपलांचं दुकान. हा चामड्याचं तंत्रज्ञान शिकायला मद्रासला आलेला.

"तुमची मराठी..." तो अडखळला.

"हसा. तंजावरची आहे, जुनी. तुमच्या तिकडून येणारे सगळे हसतात."

"हसत नाही हो. माझी पणजी असं बोलायची म्हणे. विशीतल्या मुलीच्या तोंडून पणजी बोलायला लागली, की जरा... गडबडायला होतं."

"मी पणजीसारखी आहे म्हणून सांगतां?"

"फक्त ऐकायला," तो म्हणाला. "बघायला नाही."

बस आली. हेमावती चढली, आणि मैलापूरला घराजवळ उतरायच्या ऐवजी दोन थांबे पुढे जाऊन उन्हातून परत चालत आली.

त्यानंतरचा आठवडा सरता सरेना. पुस्तक उघडलं की ओळी पळायच्या. शिकेकाई लावून न्हायली, तर केस वाळेपर्यंत गच्चीवर बसवेना. शनिवार आला तेव्हा कुठे तिला नीट श्वास घेता आला — आणि तो माडीवर दिसताच पुन्हा घेता येईना.

"एक वाक्य!" तो त्या दिवशी भांडत होता. "एक वाक्य बोलली असती, तर शेवटची दोनशे पानं लिहावी लागली नसती."

"ती बोलली की! त्याचे भिजलेले मोजे चुलीपाशी वाळत घातली, तें काय उगीच?"

"मोज्यांवरून कुणाला काय कळतं?"

"ज्याला कळायचें, त्याला कळतें."

तेवढं बोलून तिनं आजूबाजूला पाहिलं. दोघे केव्हापासून मराठीत भांडत होते आणि अठरा माणसं तोंडाकडे बघत बसली होती. कुमुदिनीनं कपाळावर हात मारला. "आम्हालाही सांगा की गं काहीतरी!"

तिसऱ्या शनिवारी वीज गेली. पंखे थांबले, चर्चा मोडली आणि दोघे न ठरवताच समुद्राकडे चालत गेले. वाळू अजून तापलेली होती. ती चपला हातात घेऊन ओल्या पट्टीवरून चालत होती; तो वाळूतून, तिच्यापासून हातभर लांब. दोनदा त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा नुसताच घसा खाकरला.

"परीक्षा झाली," शेवटी तो म्हणाला. "थोडं प्रात्यक्षिक राहिलंय. या महिनाअखेरीला कोल्हापूर."

"बरें." तिनं हातातल्या चपलांची वाळू झटकली. "पुढच्या रविवारी मला पाहायला येतात. त्रिचीचे प्रतापसिंह. बँकेत आहेत."

आणि ती थांबली. लाट आली, पावलांखालची वाळू ओढून घेऊन गेली... दुसरी आली. राणोजी अंगठ्यानं वाळू उकरत होता.

"बँकेतली नोकरी... चांगली असते," तो म्हणाला.

त्याला तसंच समुद्रात ढकलून द्यावं, असं तिला वाटलं.

मग मात्र घरात तिचा पाय ठरेना. या खोलीतून त्या खोलीत. दूध उतू गेलं, आमटीत मीठ दोनदा पडलं. तिचे वडील जनकोजी जॉर्ज टाउनमधल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते, मोजकं बोलणारे. शुक्रवारी जेवताना त्यांनी ती खारट आमटी मुकाट्यानं संपवली आणि विचारलं, "बाई, कांही सांगायचें आहे का?"

"कांही नाही, अप्पा."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि हात धुवायला उठले.

चौथा शनिवार शेवटच्या प्रकरणाचा. राणोजी आला नाही. साडेतीन झाले, चार झाले. जिन्यावर पाऊल वाजलं की हेमावतीची मान वळे. कुमुदिनी म्हणाली, "हेमा, तू बोल. तिची बाजू तूच घेतेस नेहमी."

हेमावती उभी राहिली. समोर ते बर्फाचं पान उघडं होतं.

"माझं चुकलं," ती इंग्रजीत म्हणाली. "तिनं बोलायला हवं होतं. मोज्यांवरून कुणाला काही कळत नाही."

आणि पुस्तक तिथंच ठेवून ती जिना उतरली.

त्याच्या वसतिगृहाच्या फाटकाशी म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत निरोप धाडला. राणोजी धावतच आला. कार्यशाळेतून तसाच — चामड्याच्या रंगानं मनगटापर्यंत हात निळे, शर्टावर डाग.

"तुम्ही? इथं?"

"कां आला नाहीस?" रागाच्या भरात 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "सगळ्यांना सांगत फिरतोस, बोलायला पाहिजे म्हणून! स्वतःवर आलें की बँकेची नोकरी चांगली?"

"मी बोललो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"कधी? कोणाला?"

"गुरुवारी. तुझ्या... तुझ्या वडिलांना. ऑफिसात जाऊन."

"अप्पांना? काय बोललास?"

"सगळं. घरचं, दुकानाचं, नोकरीचं. त्यांनी कॉफी मागवली. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, 'मुलगीला विचारलास का?' मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, 'जा. आधी तिला विचार. मग ये.'"

"मग?"

"मग काय... दोन दिवस धीर होईना." त्यानं निळे हात पाठीमागे लपवले. "आज तुझ्यासमोर बसून त्या बाईचं मरण वाचायचं, म्हणजे..."

हेमावतीला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते. म्हणजे शुक्रवारी अप्पांना सगळं ठाऊक होतं! आणि तरी त्यांनी ते तिच्यावर सोडलं होतं...

"मला सोडून साऱ्या मद्रासला सांगितलास," ती म्हणाली. "आतां विचार."

"इथं? तो बघतोय—"

"बघू दे."

राणोजीनं एकदा पहारेकऱ्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. कपाळावरचा घाम पुसला, तर तिथं निळा पट्टा उमटला.

"हेमावती," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

"करतें," ती म्हणाली. इतक्या पटकन, की मग तिचीच तिला लाज वाटली. "चल."

"कुठं?"

"घरी. त्रिचीच्या लोकांना उगीच उद्या कशाला यायला लावायचें? अप्पा आज ट्रंक कॉल लावतील."

"असाच? हात तरी धुऊन—"

"असाच."

बस गच्च होती. ती पुढच्या दारानं बायकांच्या बाजूला चढली, तो मागून पुरुषांत अडकला. मधे टोपल्या, पिशव्या, पन्नास माणसं. कंडक्टरनं विचारलं, कुठं? किती? वर्षभर मद्रासला राहून राणोजीला तमिळ म्हणून चारच शब्द आले होते. त्यानं दोन निळी बोटं उंच केली आणि मोठ्यानं सांगितलं, "मैलापूर. रेंडु!"

दुसरं तिकीट कुणाचं, ते बघायला आख्खी बस वळली. हेमावतीनं मान खाली घातली नाही.