दर दोन तासांनी

१९८९ साली मी अमळनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. सहा गावं आणि एक सायकल. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरात सापडायची ती फक्त म्हातारी माणसं.

चिंधा नाना त्यांतले. कापसाने भरलेल्या गाडीवरून पडून त्यांची पाठ मोडली होती. कमरेखाली काही कळत नव्हतं. ज्याला कूस बदलता येत नाही, दुखलेलं समजत नाही, ज्याचं अंथरूण ओलं राहतं आणि हाडांवर मांस नाही, त्याला आठवडाभरात जखमा होतात. माकडहाडाला, खुब्याला, टाचांना. आधी नुसता लाल डाग, बोटाने दाबला तरी फिका न होणारा. मग कातडी जाते. नानांच्या बायकोने, वच्छलाअक्कांनी, चार वर्षं दर दोन तासांनी त्यांना फिरवलं. एक डाग पडू दिला नाही.

पोळ्याच्या सुमारास अक्का वारल्या.

दोन महिन्यांनी मी गेले, ती ड्रेसिंगचं जास्तीचं सामान घेऊनच. नानांची पाठ उघडून पाहिली. स्वच्छ.

"दिवसभर कोण फिरवतं यांना?" मी त्यांच्या सुनेला, पुष्पाबाईंना विचारलं.

घरातल्या सगळ्यांसारख्या त्याही शेतात वेचणीला निघाल्या होत्या. "कोनीच नही, बाई. बठ्ठा वावरमा ऱ्हातस." मग खाली बघत म्हणाल्या, "त्यासले काही इचारू नका."

त्या गेल्यावर मी ठरवलं, बसून पाहायचं. दाराला आतून कडी घातली. नाना भिंतीकडे तोंड करून होते. मी खाटेशेजारी गोधडीवर टेकले. पहाटेपासून दोन बाळंतपणं झाली होती, पाय ठणकत होते.

"नाना, झोपा जरा."

"तुमीच जपी जा, बाई. थकी गयात तुमी."

मी दाराकडे तोंड करून आडवी झाले. डोळे फक्त मिटायचे होते.

जाग आली तेव्हा समोर नानांचा चेहरा होता. ते माझ्याकडे वळलेले होते. गुडघ्यांमध्ये उशी नीट ठेवलेली.

मान वळवून पाहिलं. कडी तशीच होती.

मग लक्षात आलं, मीही खाटेकडे वळले होते.

माझ्या पाठीशी लुगड्याची घडी लावली होती, मागे कलंडू नये म्हणून. टाचांना कोमट तेल लागलं होतं.

मी उठायला गेले.

"हालू नका, बाई," नाना माझ्या पायांकडे बघत हळूच म्हणाले. "तिन्हं काम आजून व्हयनं नही."