सुटलेला ब्रेक

गंजलेल्या नटाशी भांडायचं नसतं, असं काका म्हणायचा. त्याला तेल पाजायचं, ऊब द्यायची आणि वाट बघायची. मोठ्या भावाची मोटरसायकल, तो गेल्यापासून, काकाच्या शेडमध्ये उभी होती. पुढचा ब्रेक पार जाम. आता पुतणीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि तिला बापाच्याच गाडीवरून जायचं होतं.

"दादा असता तर सोडलं असतं का गं तुला?" काकानं पान्यावर हातोडी मारत विचारलं.

"मागच्या वेळी कुठे सोडलं? हातची नोकरी गेली. म्हणून तर आता जायचंच."

भाऊ तसाच होता. एकदा धरलं की सोडायचा नाही. पोरीवर जीव टाकायचा, पण तिला मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही. काकाला त्याचा राग यायचा, आणि तो नाही याचं वाईटही वाटायचं.

दुपारी नट सुटला, चाकाला आतून दाबून धरणारे ब्रेकचे शू मोकळे झाले. काकानं गाडी ढकलत अंगणात फिरवली. चाक छान फिरत होतं.

पुतणी बसली आणि गाडी जागची हलेना.

काकानं ब्रेक पुन्हा उघडला. कुठे काही अडकलं नव्हतं. जोडून, तिला बसवून त्यानं मागून जोर लावला. चाक घट्ट. वैतागून गाडी मागे ओढली, तर ती मुकाट शेडकडे आली.

"मागे येतेय. पुढे जात नाहीये," पुतणी म्हणाली.

काका हट्टाला पेटला. त्यानं अख्खा ब्रेकच काढला. दोन्ही शू तेलाच्या ट्रेमध्ये ठेवले, केबल खुंटीला टांगली आणि नुसतं चाक बसवलं. आता चाक धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं.

ती बसली. त्यानं ढकललं.

चाक घट्ट.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे, काका. बसनं जाते." बॅग खांद्याला लावून ती फाटकाकडे निघाली.

काका पाने आवरू लागला. ट्रेला हात लागला आणि चटका बसला. शूमधून धूर निघत होता, लांब उतारावर ब्रेक दाबून धरल्यावर निघतो तसा.

"काका..."

ती फाटकात थांबली होती. दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरून पाय पुढे ओढत होती. मग तिनं पाऊल मागे घेतलं. अगदी सहज.

"मागे येतोय," ती हळूच म्हणाली.