पलीकडच्या काठाची ओळ

माझ्या हेडफोनची एक बाजू मुकी झाली नसती, तर आमची गाठ पडलीच नसती. जुनी गाणी गोळा करून दर आठवड्याला रेडिओवर ऐकवायची, हे माझं काम; आणि तो गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करणारा. तार जोडून झाल्यावर त्याने तपासायला म्हणून माझंच ताजं रेकॉर्डिंग लावलं... आणि त्याचा हात थबकला.

“या मावशींबरोबर गातंय कोण?”

“कोणी नाही. नदीवरच्या नावाडीणमावशी एकट्याच गात होत्या.”

त्याने हेडफोन अलगद माझ्या कानांवर चढवला. मावशींच्या प्रत्येक ओळीमागून एक पुरुषी आवाज उत्तर देत होता — खोल, ओलसर. माझ्या अंगावर काटा आला.

“हा तर... तुमचा आवाज!”

“चेष्टा करता? मी गायला लागलो की शेजारी खिडक्या लावून घेतात!”

तो हसला. डोळे मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीवर मावशींकडे निघालो.

“भीती वाटली तर माझा हात धरा,” तो म्हणाला.

“आणि तुम्हाला वाटली तर?”

“मला कधीची वाटतेय... पण धरू कसा?”

मी नुसती जवळून चालू लागले.

मावशींनी गाणं धरलं. अलीकडून बाईने हाक द्यायची, पलीकडून पुरुषाने उत्तर. उत्तराच्या ओळी मावशींच्या नवऱ्याबरोबर नदीत बुडाल्या होत्या. आता त्या कुणालाच येत नव्हत्या.

त्याला येत होत्या.

डोळे मिटून तो गाऊ लागला, आणि गातागाताच पाण्यात उतरला. मी ओरडले. त्याला ऐकूच गेलं नाही. पाणी गुडघ्यांपर्यंत... कमरेपर्यंत...

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. “उत्तर पलीकडूनच द्यायचं असतं गं! माझ्या हाकेने तो पलीकडे चाललाय. तू हाक दे, पोरी, म्हणजे मागे फिरेल!”

“मावशी, मी नुसती गोळा करते, मला गाता—”

“गा!”

मी गायले. थरथरत, सुरांची वाट लावत. तो थांबला. वळला.

“तुम्ही... बोलावलंत मला?”

“हो.”

“गाण्यासाठी?”

“नाही.” मी पाण्यात शिरून त्याच्यापाशी पोचले होते. “माझ्यासाठी.”

मावशींचं ते पहिलं रेकॉर्डिंग रेडिओवर लागलं, तेव्हा आम्ही त्याच्या दुकानात शेजारी शेजारी बसलो होतो. उत्तराच्या ओळी आल्या... आवाज त्याचा नव्हताच. कुणा वयस्क, अनोळखी माणसाचा होता. पाठोपाठ मावशींचा फोन आला. “ह्यांचाच आवाज गं!” म्हणत त्या रडतारडता हसत राहिल्या.

“आपण लग्न करूया?” त्याने विचारलं.

मी झटकन हो म्हणून टाकलं — कुणाची हाक त्याला पुन्हा पलीकडे ओढायच्या आत.