पिशवीतलं पाणी

माझं काम साधं होतं. कृत्रिम गर्भाशयाच्या पिशवीतलं जुनं पाणी रोज सकाळी काढायचं, नवं भरायचं, नमुना तपासणीला न्यायचा. बिबवेवाडीच्या आमच्या इस्पितळातला तो पहिलाच प्रयोग, आणि मी त्यावरची नर्स. पाणी आम्हीच बनवायचो. त्याला कसलाही वास नसे.

आत अपेक्षाचं बाळ होतं. साडेपाच महिन्यांच्या गरोदर अपेक्षाला मार्केट यार्डासमोर टेम्पोनं उडवलं. ती गेली. पोटातून काढलेली मुलगी तेवढी पिशवीत अंगठा चोखत राहिली. माझा जीव जडला होता तिच्यावर, कशाला लपवू?

तिसऱ्या दिवशी काढलेल्या पाण्याला लसणाचा वास आला. हातमोजे बदलले, भांडी बदलली. रोज तोच वास.

"सिस्टर, डबा बाहेर जाऊन खात चला," डॉक्टर म्हणाले.

दहाव्याचं उरकून अपेक्षाची आई, सोजरबाई, थेट वॉर्डात आल्या.

"कावळा शिवला न्हाई, सिस्टर. लेकराला सांभाळू म्हनलं, सगळी वचनं दिली... शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं." बोलता बोलता त्या थांबल्या. "ह्यो वास..."

"तुम्हालाही येतो?"

"लसणाची चटणी. तिला डोहाळंच लागलं हुतं त्याचं."

आई जे खाते त्याचा वास गर्भजलाला येतो, हे मी शिकले होते. पण खाणारी...

"अहो, बाळ आता तिच्या पोटात नाही," मी हळूच म्हणाले.

"ते तुमाला ठावं. तिला कोन सांगनार?" त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "ती अजून पोटुशीच हाय..."

पाच आठवड्यांनी पिशवी उघडली. मुलगी रडली. "सुटली गं बाय माझी," म्हणत सोजरबाईंनी हात जोडले. मलाही वाटलं, अपेक्षा मोकळी झाली, आता बाळ आपलं.

एवढ्याशा बाळाला नाकातल्या नळीनं दूध देतात. आधी सिरिंज ओढून पोट रिकामं आहे ना, ते पाहायचं. पहिला थेंब देण्याआधी मी ती ओढली. सिरिंज पांढरी भरली. कोमट, ताजं दूध.

तेव्हापासून रोज हेच. दूधपेढीच्या बाटल्या तशाच परत जातात, वजन मात्र छान वाढतंय. सोजरबाई विचारतात, "नातीला घरी कवा नेऊ?" त्यांच्याआधी दुसरंच कुणी तिला नेईल, या भीतीनं मी ड्यूटी संपली तरी उठत नाही.

आज पहाटे जरा डोळा लागला. उठून पाहिलं तर नळी काढून, नीट गुंडाळून उशाशी ठेवलेली होती. बाळाच्या ओठांच्या कडेला दूध होतं.