दोन काठ्या

ओहोटी दुपारीच लागली होती आणि किडेबाईला त्या दिवशी बाराच नमुने काढायचे होते. फार तर दोन तासांचं काम. संध्याकाळच्या चहाला येते, असं लेकीला सांगून ती निघाली.

किडेबाई हे नाव गावाने ठेवलेलं. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात ती नोकरीला होती आणि काम काय, तर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात जाऊन नळीभर चिखल उपसायचा, चाळणीवर धुवायचा आणि त्यातले किडे, शिंपले, इवलाले खेकडे मोजायचे. एवढं शिकून शेवटी चिखलच चिवडायचा होता का, म्हणून लोक नाक मुरडायचे. तिचा नवराही हेच काम करायचा. तिला ते त्यानेच शिकवलं. कुणी चिखलाला घाण म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. मूठभर चिखलात जेवढे जीव आहेत तेवढी माणसं तुमच्या गावात नाहीत, असं तो सुनावायचा. हजारो कोस उडून आलेले पक्षी इथे पोट भरतात, म्हणून पुढचा पल्ला गाठतात. वादळाची लाट या चिखलावरून येता येता दमते, म्हणून तुमची घरं जागेवर आहेत. मग आवाज खाली आणून तो सांगायचा, की खोल चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे तिथे गेलेलं सहसा कुजत नाही. फार जुनं पानसुद्धा जसंच्या तसं निघतं.

तीन वर्षांपूर्वी त्या चिखलाने त्यालाही ठेवून घेतलं. गावाने दोन दिवस शोधलं. काही सापडलं नाही.

सापडली ती काठावरची त्याची काठी. तिथला नियमच होता. चिखलात उतरणाऱ्याने काठावर आपली काठी रोवायची, परतल्यावर आपल्याच हाताने उपटायची आणि घरी नेऊन भिंतीला टेकवायची. भरतीच्या वेळी काठावर काठी दिसली, की समजायचं, कुणीतरी आत राहिलंय. आणि दुसऱ्याच्या काठीला कुणी, कधीही हात लावायचा नाही. त्यामुळे त्याची काठी तीन वर्षं तशीच उभी होती. किडेबाई फक्त त्या काठीला बांधलेलं, त्याच्याच जुन्या सदऱ्याचं फडकं बदलायची, काठीला बोट लागू न देता, आणि बदलताना दर वेळी मनात एकच म्हणायची : अहो, एकदा दिसा. बोलू नका हवं तर. नुसते दिसा.

त्या सकाळी घरात त्याचा एकच सदरा उरला होता. निळ्या चौकटीचा. बाकीचे फडक्यांतच संपले होते. तिने काळजावर दगड ठेवून कात्री चालवली आणि खालून दोन पट्ट्या कापल्या. एक त्याच्या काठीला बांधली. दुसरी उगाच, लाड म्हणून, स्वतःच्या काठीला. आणि स्वतःची काठी त्याच्या काठीशेजारी हातभर अंतरावर रोवली.

पायांना रुंद फळ्या बांधून ती आत गेली. सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता; तिला तो घरच्या वासासारखा झाला होता. लाखो बिळांतून बारीक चुटचुट ऐकू येत होती, लांब पक्षी टिपत होते. अकरा नमुने झाले. बाराव्याच्या वेळी तिने मान वर केली तेव्हा काठ दिसेना. धुकं आलं होतं.

पक्षी गप्प झाले. पाठोपाठ ती चुटचुटही थांबली.

तिने नमुना टाकून दिला आणि आपल्याच पावलांच्या खुणांवरून परत फिरली. फच्... फच्... फळी उचलली की चिखल आवाज करायचा. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की तिचं पाऊल थांबल्यावरही एक फच् होतो आहे. मागे नाही. बरोबरीने. खरं सांगायचं तर तिच्या मनात भीतीपेक्षा दुसरंच काही दाटून आलं. चालताना तो नेहमी तिच्या डाव्या हाताला असायचा. आवाज डावीकडूनच येत होता.

"अहो..." ती म्हणाली.

डावीकडे आणखी एक फच् झाला. ती तशीच चालत काठाला लागली, तेव्हा डोळे पाण्याने भरले होते आणि एका हातापलीकडचं दिसत नव्हतं. हाताला काठी लागली, निळी चौकट दिसली. तिने ती उपटली. लोण्यातून सुरी यावी तशी काठी अलगद वर आली.

वाटेत धुकं विरळ झालं, तेव्हा होड्या दुरुस्त करणारा म्हातारा भेटला. ती बोलणार, तोच तो काठाकडे बघून जागच्या जागी थिजला आणि मग गावाकडे ओरडत सुटला, की किडेबाई आत राहिली, दोर आणा. "अहो बाबा, ही काय मी!" ती म्हणाली. तो तिच्या अगदी जवळून गेला. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

म्हाताऱ्याची नजर गेली, असं स्वतःला समजावत ती घरी आली. सवयीने काठी भिंतीला टेकवली, आणि दिव्याच्या उजेडात तिला काठीचं खालचं टोक दिसलं. त्यावर शिंपले चिकटून वाढले होते. थरावर थर. तीन वर्षांचे.

ती उलट्या पावली धावली. भरती काठाला भिडली होती. पाण्यात तिची स्वतःची काठी उभी होती, वर निळं फडकं. तिने दोन्ही हातांनी ओढली, अंगातलं सगळं बळ लावलं. काठी हलली नाही. गावकरी दोर, कंदील घेऊन तिच्या आजूबाजूने जात होते, तिच्याच नावाने हाका मारत होते. ती प्रत्येक हाकेला ओ देत होती.

पुन्हा घराशी आली तेव्हा दार लावलेलं होतं. ती खिडकीपाशी गेली.

आत तो बसला होता.

केस ओले, अंगात तोच निळ्या चौकटीचा सदरा, खालून दोन पट्ट्या कापलेला. लेक त्याच्या गुडघ्यांना मिठी मारून रडत होती, मध्येच हसत होती, पुन्हा रडत होती. तीन वर्षांत पोरगी हसली नव्हती. किडेबाई बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. डोळे भरून, पोट भरून बघत राहिली. तिने एवढंच तर मागितलं होतं.

लेक तोंड धुवायला आत गेली तसा तो उठला आणि सरळ खिडकीशी आला. त्याला ती दिसत होती.

"मी रोज यायचो गं," तो अगदी हळू म्हणाला. "याच जागी उभा राहायचो... सकाळी तू पुसून टाकायचीस."

तिला आठवलं. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर रोज सकाळी चिखलाचा डाग असायचा. पाच बोटांसारखा. खेकडे असणार, असं ती लेकीला सांगायची आणि ओलं फडकं फिरवायची. तीन वर्षं. एक दिवस चुकला नव्हता.

"तुमची काठी परत रोवाल?" तिने विचारलं. "उद्या... ओहोटीला?"

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात आतून लेकीने "बाबा" अशी हाक मारली, घाबरून, जणू तो पुन्हा गेला असेल. त्याने वळून पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि सावकाश पडदा ओढला.

सकाळी लेकीने खिडकी उघडली. रडून तिचे डोळे सुजले होते. कट्ट्यावर चिखलाचा डाग होता.

"खेकडे असणार," ती म्हणाली आणि तिने ओलं फडकं फिरवलं.

बाबा खिडकीकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या मांडीवर किडेबाईची जुनी शाल होती आणि हातात कात्री. तिच्या काठीसाठी ते एक पट्टी कापत होते. शाल मोठी होती, पुष्कळ वर्षं पुरली असती.